उन्हाळ्यातले थंड पदार्थ आणि त्यांची उपकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या मापांत लहान चमचा ५ मिलिलिटरचा आणि मोठा चमचा १५ मिलिलिटरचा धरला आहे. जिथे ग्रॅम लिहिले आहेत तिथे खरोखर वजनच करा. थंड पदार्थ बिघडतात ते बहुतेक वेळा साखर, पाणी आणि तापमान या तिघांच्या हिशेबात चूक झाल्यामुळे, आणि हा हिशेब वाटीने नीट जमत नाही.

उन्हाळ्यासाठी एखादं उपकरण घ्यायचं तर सुरुवात कशापासून करावी?

१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा आणि टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर. दोन्ही वस्तू दिसायला साध्या आहेत, पण सॉर्बे (दुधाशिवाय, फळाचा गर आणि साखर गोठवून केलेला पदार्थ), कस्टर्ड, चॉकलेट, जेली या सगळ्यांचं यश त्यांच्यावर ठरतं. तिसरा नंबर हँड ब्लेंडरचा. मेयोनीज, थंड सूप, ड्रेसिंग, गुठळ्या झालेलं मिश्रण सारखं करणं, एवढी कामं तो एकटा करतो आणि धुवायला अर्धं मिनिट लागतं. ६०० ते ८०० वॅटचा घरी पुरतो.

आइस्क्रीम मशीन शेवटी घ्या. काटा नसताना घेतलेलं मशीन चुकीचं मिश्रणच जास्त वेगाने गोठवून देतं.

काटा आणि थर्मामीटर बरोबर दाखवतात हे घरी कसं तपासायचं?

थर्मामीटरसाठी पेला बारीक फोडलेल्या बर्फाने गच्च भरा, फटी भरतील एवढंच पाणी ओता, ढवळा, दोन मिनिटं थांबा आणि सळई मधोमध धरा. ० अंश दिसायला हवं. एखाद्या अंशाचा फरक असेल तर तो लक्षात ठेवून पुढे तेवढी वजाबाकी करायची. उकळत्या पाण्याची कसोटी तितकी भरवशाची नाही, कारण समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाणी साधारण १ अंश आधी उकळतं.

काट्यासाठी मापाच्या भांड्याने १ लिटर पाणी मोजून वजन करा. ते १ किलोच्या अगदी जवळ यायला हवं. काटा मऊ कापडावर किंवा हलणाऱ्या टेबलावर ठेवला तर आकडा स्थिर होत नाही.

घरचं आइस्क्रीम दगडासारखं घट्ट का होतं?

साखर कमी पडली म्हणून. आइस्क्रीममध्ये साखर गोडीसाठी असतेच, पण तिचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे: ती पाण्याचा गोठणबिंदू खाली नेते. घरच्या फ्रीझरचं तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. तिथेही मिश्रणातलं काही पाणी न गोठता दाट पाकासारखं राहतं, आणि त्यामुळेच चमचा आत जातो. "कमी गोड करूया" म्हणून साखर निम्मी केली की हे न गोठलेलं पाणी घटतं आणि वीट तयार होते.

एकूण वजनाच्या १४ ते १८ टक्के साखर आणि १० ते १६ टक्के स्निग्धांश, या हद्दीत राहिलात तर आइस्क्रीम मऊ राहतं. गोडी कमी हवी असेल तर पाव हिस्सा साखर काढून तिच्या जागी दाट ग्लुकोज सिरप घाला. ते साखरेपेक्षा कमी गोड असतं आणि पोत मऊ ठेवतं.

चव घेताना एक लक्षात ठेवा. थंडीत जिभेला गोडवा कमी जाणवतो. कोमट मिश्रण चाखून "जरा जास्तच गोड झालं" असं वाटलं, तर ते गोठल्यावर बरोबर लागणार आहे.

मऊ होतं, पण दाताखाली बर्फाचे कण लागतात. ते कशामुळे?

स्फटिक मोठे झाले. मिश्रण हळूहळू गोठलं की थोडेच स्फटिक तयार होतात आणि तेच वाढत जातात; पटकन गोठलं की असंख्य बारीक स्फटिक होतात, जे जिभेला वेगळे कळत नाहीत. म्हणून मिश्रण मशीनमध्ये किंवा फ्रीझरमध्ये जाण्याआधीच ४ अंशांपर्यंत थंड असलं पाहिजे. डबा उथळ आणि रुंद घ्या. तो फ्रीझरच्या दाराजवळ न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवा.

दुसरं कारण पाणी. पातळ दूध, पाणीदार फळ, धुऊन न पुसलेल्या स्ट्रॉबेरी, हे सगळं मोकळं पाणी वाढवतं. स्ट्रॉबेरी किंवा पीच आधी थोड्या साखरेबरोबर मंद आचेवर १० मिनिटं आटवून घेतले की फरक लगेच कळतो.

तिसरं कारण घडतं ते आइस्क्रीम झाल्यानंतर. डबा बाहेर काढला, थोडं खाल्लं, वरचा थर पाघळला, परत आत ठेवला. पाघळलेलं पाणी पुन्हा गोठताना आधीच्या स्फटिकांना चिकटून त्यांना मोठं करतं. लहान डब्यांत भरून ठेवणं हा यावरचा सगळ्यात सोपा उपाय. बटर पेपर किंवा क्लिंग फिल्म थेट आइस्क्रीमच्या पृष्ठभागावर टेकवून मग झाकण लावा.

अंड्याशिवाय भरवशाचं मूळ प्रमाण काय?

पूर्ण स्निग्धांशाचं दूध ५०० ग्रॅम, ३५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम २५० ग्रॅम, साखर १३० ग्रॅम, दूध पावडर ३० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १२ ग्रॅम, मीठ एक चिमूट. यात साखर साधारण १४ टक्के आणि स्निग्धांश साधारण ११ टक्के बसतो.

कॉर्नफ्लोअर, दूध पावडर आणि साखर कोरडीच एकत्र करा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. त्यात थोडं थंड दूध घालून पेस्ट करा, मग उरलेलं दूध. मध्यम आचेवर सतत ढवळत उकळी आणा आणि उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट शिजू द्या. कच्च्या पिठाची चव तेव्हाच जाते. आचेवरून उतरवून क्रीम घाला, गाळा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा आणि किमान ४ तास, जमल्यास रात्रभर, फ्रिजमध्ये ठेवा. या वेळात स्निग्धांशाचे कण थंड होऊन घट्ट होतात, दूध पावडर पूर्ण पाणी शोषते आणि नंतर घुसळताना हवा जास्त चांगली धरली जाते.

दूध पावडर ३० ग्रॅमच्या फार पुढे नेऊ नका. तिच्यातली दुधाची साखर जास्त झाली की तिचे स्फटिक बनतात आणि आइस्क्रीम काही दिवसांत वाळूसारखं लागायला लागतं.

कस्टर्डवर आधारलेलं आइस्क्रीम करताना अंडं फाटतं. काय चुकतं?

आच जास्त, किंवा लक्ष क्षणभर ढळलं. वरच्याच प्रमाणात कॉर्नफ्लोअरऐवजी ५ पिवळे बलक घ्या. बलक आणि साखर एकत्र फेसा. गरम दूध बलकात बारीक धारेने, ढवळत ढवळत ओता. उलटं, म्हणजे बलक गरम दुधात, ओतू नका. मग सगळं परत मंद आचेवर.

इथे थर्मामीटर हाताशी ठेवा. ७५ अंशांच्या पुढे मिश्रण दाटायला लागतं, ८० ते ८२ अंशांवर ते झालेलं असतं आणि ८५ च्या पुढे बलक आकसून कण होतात. थर्मामीटर नसेल तर लाकडी चमचा बुडवून बाहेर काढा आणि त्याच्या पाठीवर बोटाने आडवी रेघ ओढा. सुरुवातीला रेघेच्या वरचं मिश्रण लगेच खाली ओघळून ती पुसून टाकतं. थोड्या वेळाने ओघळ मंदावतो. ज्या क्षणी रेघेच्या दोन्ही कडा जागच्या जागी राहतात, त्या क्षणी गॅस बंद करा आणि मिश्रण लगेच गाळणीतून थंड भांड्यात ओता. गरम पातेल्यात तसंच ठेवलं तर आच बंद असूनही ते पुढे शिजत राहतं.

थोडेसेच कण झाले असतील तर हँड ब्लेंडर फिरवून गाळून घ्या, आइस्क्रीम वाचतं. उकडलेल्या अंड्याचा वास यायला लागला असेल तर मात्र ते सोडून द्या.

मशीनमध्ये अर्धा तास फिरूनही मिश्रण घट्टच होत नाही.

गोठवायचं भांडं वेगळं असलेलं मशीन असेल तर ते भांडं पुरेसं गोठलेलं नाही, ही शक्यता सर्वांत मोठी. कानाजवळ धरून हलवा. आतला द्रव डुचमळल्याचा आवाज आला तर ते तयार नाही. उणे १८ अंशांत पूर्ण २४ तास हवेत. गच्च भरलेल्या किंवा सारख्या उघडल्या जाणाऱ्या फ्रीझरमध्ये त्याहूनही जास्त. एकदा वापरलेलं भांडं त्याच दिवशी दुसऱ्यांदा चालत नाही.

बाकीची कारणं: मिश्रण कोमट होतं, भांडं निम्म्यापेक्षा फार जास्त भरलं, साखर किंवा मद्य जास्त झालं. मद्य लिटरभर मिश्रणाला २ मोठे चमचे एवढ्यावरच थांबवा. आणि मशीन आधी सुरू करा, मग मिश्रण ओता. उलट केलं तर भिंतीला लागलेला थर क्षणात गोठून पातं अडकतं.

मशीनमधून आइस्क्रीम निघतं ते मऊ, उणे ५-६ अंशांवर. ते तसंच असायला हवं. पुढे ४ तास फ्रीझरमध्ये घट्ट व्हायचं असतं.

वेगळ्या भांड्याचं मशीन घ्यावं की स्वतःच थंडावा तयार करणारं, कॉम्प्रेसरवालं?

महिन्यातून एकदा-दोनदा करणार असाल आणि फ्रीझरमध्ये भांड्याला कायमची जागा असेल, तर वेगळ्या भांड्याचं पुरतं. लागोपाठ दोन-तीन प्रकार करायचे असतील तरच कॉम्प्रेसरवाल्याचा विचार करा. ते जड असतं, ओट्यावरची बरीच जागा खातं. आडवं करून आणलं असेल तर उभं ठेवून माहितीपुस्तिकेत दिलेला वेळ, सहसा १२ ते २४ तास, थांबल्याशिवाय चालू करू नका.

मशीनच नाही. मग?

तीन वाटा आहेत.

पहिली, घुसळल्याशिवायची. थंडगार क्रीम ५०० मिलिलिटर मऊ शिखरं येईपर्यंत, म्हणजे पाती काढल्यावर टोक हळूच वाकेल इतपत, फेसा, ४०० ग्रॅमच्या डब्यातलं थंड कंडेन्स्ड मिल्क त्यात हलक्या हाताने मिसळा, स्वाद घाला आणि ६ ते ८ तास गोठवा. फेसलेल्या क्रीममधली हवा आणि कंडेन्स्ड मिल्कमधली भरपूर साखर यांमुळे हे मऊ राहतं. फळाचा पल्प घालायचा तर आधी आटवून आणि १५० ग्रॅमच्या आतच. ओला पल्प भरपूर ओतला की हीच कृती बर्फाळ होते, आणि तक्रार बहुतेक इथूनच येते.

दुसरी, बर्फाच्या साच्यांची. कोणतंही आइस्क्रीम किंवा सॉर्बेचं मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये पूर्ण गोठवा आणि खायच्या आधी त्या वड्या फूड प्रोसेसरमध्ये फिरवा. आधी भुगा होतो, मग एकदम लोण्यासारखं मऊ होतं. आमच्या मते सॉर्बेसाठी ही पद्धत साध्या मशीनच्या तोडीची आहे.

तिसरी, बर्फ आणि मीठ. २५० मिलिलिटर मिश्रण दोन झिपच्या पिशव्यांत, एकात एक, घट्ट बंद करा. मोठ्या पिशवीत १ किलो फोडलेला बर्फ आणि ३०० ग्रॅम जाडं मीठ, मध्ये लहान पिशवी, वर टॉवेल गुंडाळून १० ते १५ मिनिटं हलवा. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली असतानाच वितळतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता मिश्रणातून ओढून घेतो. बर्फ-मीठ तत्त्वतः उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं, म्हणून उघड्या हातांनी धरू नका. लहान पिशवी उघडण्याआधी गार पाण्याखाली धुवा, नाहीतर तोंडाशी चिकटलेलं मीठ आत जातं.

सॉर्बेमध्ये साखर किती, हे प्रत्येक फळाला वेगळं का?

कारण फळात स्वतःची साखर असते आणि ती धरूनच बेरीज करायची असते. एकूण साखर २५ ते ३० टक्के यायला हवी. ५०० ग्रॅम स्ट्रॉबेरीच्या गरात साखर जेमतेम २५ ग्रॅम. तिला १८० ग्रॅम साखर आणि ६० ग्रॅम पाणी घातलं की ७४० ग्रॅममध्ये २०५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २८ टक्के. तेवढ्याच पिकलेल्या आंब्याच्या गरात साखर ७० ग्रॅमच्या आसपास, म्हणून तिथे १२० ग्रॅम साखर आणि ८० ग्रॅम पाणी पुरतं. लिंबाचं सॉर्बे हवं असेल तर रस २०० ग्रॅम, पाणी ५०० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम.

साखर आणि पाण्याचा पाक करून पूर्ण गार करा, मग गरात मिसळा. गर शिजवू नका, ताज्या फळाची चव त्यातच असते. लिंबाखेरीज इतर फळांत एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घाला.

काटा नसताना अंदाज घ्यायची जुनी युक्ती आहे: धुतलेलं ताजं अंडं सालीसकट मिश्रणात सोडा. ते बुडालं तर साखर कमी. लहान नाण्याएवढा भाग वर दिसत तरंगलं तर बरोबर. अंडं आडवं होऊन बराच भाग वर आला तर साखर जास्त, थोडं पाणी घाला. युक्ती पातळ, गाळलेल्या मिश्रणातच चालते. दाट गरात अंडं फसवतं.

ग्रानिता (गोठवून खरवडलेला दाणेदार रस) म्हणजे बिघडलेलं सॉर्बेच ना?

नाही, इथे दाणेदारपणा मुद्दाम हवा असतो. साखर १२ ते १५ टक्केच ठेवायची. कलिंगडाचा रस, कॉफी, लिंबू, काहीही चालतं. उथळ ट्रेमध्ये ओता, ४५ मिनिटांनी कडा गोठल्या की जेवणाच्या काट्याने खरवडून मध्ये ओढा, मग दर अर्ध्या तासाने तेच, एकूण अडीच-तीन तास. कोणतंही उपकरण लागत नाही. विसरून सगळं घट्ट गोठलं तर १० मिनिटं बाहेर ठेवून खरवडा.

पॉप्सिकल साच्यातून निघताना तुटते किंवा काडी हातात येते.

ती पूर्ण गोठलेली नसते, किंवा साखर फार जास्त असते. १४ ते १८ टक्के साखर आणि रात्रभर फ्रीझर हे ठेवा. साचा काठापासून ५ मिलिमीटर रिकामा सोडा. पाणी गोठताना जवळपास ९ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलं तर झाकण उचललं जातं. काढताना साचा कोमट पाण्यात १० ते १५ सेकंद धरा, गरम पाण्यात अजिबात नको. काडी वाकडी होत असेल तर तासाभराने, मिश्रण अर्धवट गोठल्यावर खोचा.

फळाचे तुकडे घालायचे असतील तर आधी साखरेत मुरवून घ्या. नुसते घातले तर प्रत्येक तुकडा बर्फाचा खडा होतो.

उन्हाळ्यात क्रीम फेसलंच जात नाही. क्रीम खराब आहे का?

बहुधा क्रीम चांगलं आहे, पण गरम झालं आहे. क्रीम उभं राहतं ते स्निग्धांशाच्या घट्ट कणांनी हवेचे बुडबुडे धरून ठेवल्यामुळे. साधारण १० अंशांच्या वर ते कण मऊ पडतात आणि बुडबुडे सुटतात. स्टीलचं भांडं आणि फेसणीची पाती २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, क्रीम फ्रिजमधून काढल्या काढल्या वापरा, आणि खोली फार तापलेली असेल तर भांड्याखाली बर्फाचं पाणी ठेवा. डब्यावर स्निग्धांश किमान ३० टक्के लिहिलेला हवा, ३५ असेल तर उत्तम. २५ टक्क्यांचं क्रीम कितीही फेसलं तरी उभं राहणार नाही.

पाती काढताच टोक हळूच वाकलं तर मऊ शिखर. मिसळण्यासाठी एवढंच पुरे. टोक ताठ राहिलं तर सजावटीसाठी तयार. चमक जाऊन पृष्ठभाग खरबरीत, किंचित पिवळसर दिसायला लागला की थांबा आणि २-३ चमचे न फेसलेलं थंड क्रीम हाताने मिसळा, बहुतेक वेळा सावरतं. त्याच्या पुढे गेलं तर लोणी होतं.

मिक्सरमध्ये बर्फ फोडताना मिक्सर मध्येच बंद पडतो.

मोटर तापली की संरक्षक स्विच वीज तोडतो, त्यामुळे लगेच काळजी नको. प्लग काढा, भांडं उतरवा, १५ ते २० मिनिटं थांबा आणि बऱ्याच मिक्सरच्या तळाशी असणारं लहान लाल बटण दाबा. वारंवार होत असेल तर भरण्याच्या क्रमात चूक आहे. द्रव सर्वांत खाली, त्यावर मऊ फळ, गोठलेलं फळ आणि बर्फ सगळ्यात वर. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. सुरुवात पल्सने, ३-४ झटके, मग सलग ३० ते ४० सेकंद.

पात्याभोवती पोकळी होऊन वरचं मिश्रण खालीच येत नसेल तर दोन चमचे द्रव घाला, बटण दाबून धरण्याने काही साधत नाही. कोरडा बर्फ नुसता फोडायचा असेल तर आधी माहितीपुस्तिका बघा. सगळी पाती त्यासाठी केलेली नसतात. भांड्याच्या तळातून गळत असेल तर पात्याखालचं रबर काढून बघा, ते कडक होऊन तडकलेलं असतं आणि सुटं मिळतं.

हँड ब्लेंडरने मेयोनीज दोन मिनिटांत कसं होतं, आणि कधी होत नाही?

भांडं अरुंद हवं, ब्लेंडरच्या टोकापेक्षा जेमतेम रुंद. त्यात एक अंडं, एक मोठा चमचा लिंबाचा रस, एक लहान चमचा मोहरीची पेस्ट, पाव चमचा मीठ आणि वरून २०० मिलिलिटर सौम्य चवीचं तेल. अर्धं मिनिट थांबा, म्हणजे अंडं तळाशी आणि तेल वर असे थर स्थिरावतील. ब्लेंडर थेट बलकावर टेकवा आणि चालू केल्यावर १५ ते २० सेकंद मुळीच हलवू नका. टोकाच्या फटींतून पांढरट दाट पट्टे बाहेर पडून वर चढताना दिसतात, तेल वरून थोडं थोडं ओढलं जातं. तीन चतुर्थांश पांढरं झालं की ब्लेंडर हळूहळू वर घ्या. रुंद वाडग्यात हे होत नाही, कारण तिथे सगळं तेल एकदम पात्यापाशी येतं.

फाटलं तर टाकू नका. स्वच्छ भांड्यात एक बलक आणि एक लहान चमचा पाणी घ्या, ब्लेंडर चालू ठेवून फाटलेलं मिश्रण चमच्या-चमच्याने घाला.

अंडं नको असेल तर १०० मिलिलिटर दूध आणि २०० मिलिलिटर तेल, दोन्ही एकाच तापमानाला, याच पद्धतीने; लिंबू मात्र दाट झाल्यावर शेवटी घाला. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर मंडळींसाठी कच्च्या अंड्याचं मेयोनीज टाळा किंवा पाश्चराइझ केलेलं अंडं घ्या.

सॅलडवरचं ड्रेसिंग तळाशी का साचतं?

पानं ओली असतात. तेल ओल्या पानाला धरत नाही. पानं फिरवून पाणी काढणारी जाळीची टोपली खरोखर कामाची आहे. नसेल तर स्वच्छ पंच्यात गुंडाळून झटका. प्रमाण ३ भाग तेल, १ भाग आंबट. मीठ आधी आंबटात विरघळवा, कारण तेलात ते विरघळत नाही. अर्धा चमचा मोहरीची पेस्ट घातली की दोन्ही एकजीव राहतात. काकडीचे काप मीठ लावून २० मिनिटं चाळणीत ठेवा आणि पुसून मगच मिसळा.

थंड पास्ता सॅलड दुसऱ्या दिवशी कोरडं आणि फिकं लागतं.

पास्ता थंड झाला की त्यातला स्टार्च पुन्हा आवळतो, म्हणून पाकिटावरच्या वेळेपेक्षा १ ते २ मिनिटं जास्त शिजवा. या एका पदार्थात "जरा कच्चट" पास्ता चुकीचा ठरतो. पाणी काढल्यावर गरम असतानाच एक तृतीयांश ड्रेसिंग घाला, गरम पास्ता ते आत ओढून घेतो. उरलेलं वाढताना. मीठ आणि आंबटही वाढतानाच पुन्हा चाखून बघा. फ्रिजमधल्या थंडीने दोन्ही दबतात.

जेली उन्हाळ्यात टेबलावर पाघळते. आणि अननसाची तर धरतच नाही!

दोन वेगळी कारणं आहेत. जिलेटिनची जेली ३० ते ३५ अंशांना वितळते, म्हणून ती तोंडात सुरेख विरघळते आणि तापलेल्या खोलीत ताटलीतही. अगर-अगर (समुद्री शेवाळापासून केलेली, जेली धरवणारी पावडर) ३५ ते ४० अंशांना धरतं आणि ८५ च्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. बाहेर न्यायची जेली अगरचीच करा: १०० मिलिलिटर द्रवाला १ ग्रॅम पावडर, थंड द्रवात मिसळून उकळी आणा आणि २ मिनिटं उकळत ठेवा. नुसत्या गरम पाण्यात ढवळलेलं अगर धरत नाही.

ताज्या अननस, पपई आणि किवीत प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे. फळ काही मिनिटं उकळून घ्या, किंवा डबाबंद अननस वापरा. अगर हे प्रथिन नसल्यामुळे त्याला हा त्रास नाही.

उकाड्यात चॉकलेटचं काम करावं का?

खोली २५ अंशांच्या आत ठेवता येत असेल तरच टेंपरिंगच्या, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन चमकदार आणि कडक सुकवण्याच्या, वाटेला जा. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर वितळवा, चौथा हिस्सा बारीक चिरलेलं चॉकलेट घालून ढवळत २७-२८ पर्यंत उतरवा, मग ३१-३२ पर्यंत हलकेच तापवा. मिल्क चॉकलेटसाठी शेवटचा आकडा २९-३०. सुरीचं टोक बुडवून ठेवा. ३ ते ५ मिनिटांत चमकदार सुकलं तर जमलं, पट्टे किंवा राखाडी डाग दिसले तर पुन्हा पहिल्यापासून. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट दाट गोळा होतं, म्हणून भांडी पूर्ण कोरडी हवीत. गोळा झालंच तर गरम क्रीम घालून सॉस करून टाका.

खोली तापलेलीच असेल तर त्यापेक्षा हे करा: २०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि ४० ग्रॅम खोबरेल तेल एकत्र वितळवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि आइस्क्रीमवर ओता. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे काही सेकंदांत कुरकुरीत कवच होतं. टेंपरिंगची गरजच नाही.

फ्रिजमध्ये ठेवलेलं चॉकलेट बंद डब्यातच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आधी उघडलं तर त्यावर दव धरतं, वरची साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरी खरबरीत पूड उरते.

कोल्ड ब्रू (थंड पाण्यात भिजवून केलेली कॉफी) कडू किंवा गढूळ होते.

कॉफी फार बारीक दळली आहे. जाड साखरेएवढी भरड हवी. १०० ग्रॅम कॉफीला ८०० ग्रॅम पाणी, फ्रिजमध्ये १२ ते १६ तास, मग आधी जाळीतून आणि नंतर कागदी फिल्टरमधून. फिल्टर पिळू नका. पाण्याऐवजी कॉफीचाच बर्फ करून घातला तर शेवटचा घोटही पातळ लागत नाही.

मँडोलिन स्लाइसर (पातळ काप करणारी, पातं बसवलेली पट्टी) सुरक्षित आहे का?

हाताचा गार्ड किंवा कापरोधक हातमोजा वापरला तरच. जखमा होतात त्या शेवटच्या दोन सेंटिमीटरला. तेवढा तुकडा सोडून द्या, सुरीने चिरा.

शिजवलेलं अन्न, क्रीमचे पदार्थ बाहेर किती वेळ चालतात?

५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू वेगाने वाढतात. बाहेर जास्तीत जास्त २ तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच. फ्रिज ४ अंशांवर किंवा खाली आहे ना, हे पाण्याच्या पेल्यात रात्रभर थर्मामीटर ठेवून बघा. गरम अन्न उथळ भांड्यांत पसरून गार करा. खोल पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो.

डबा बाहेर न्यायचा असेल तर कूलर, म्हणजे अन्न थंड ठेवणारी पेटी, आदल्या रात्री बर्फ ठेवून आतून थंड करा, अन्न फ्रिजमधून थेट त्यात भरा आणि बर्फाच्या पिशव्या वरच्या बाजूलाही ठेवा, कारण थंड हवा खाली उतरते. पेयांसाठी वेगळा कूलर घ्या. तो सारखा उघडला जातो.

तेलात घातलेला लसूण किंवा ताजी पानं ओट्यावर ठेवली तर चालेल?

नाही. लसूण जमिनीतून येतो आणि त्याच्यावर बोटुलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा पोचत नाही आणि त्यांना नेमकं तेच लागतं. विष तयार झालं तरी वास किंवा रंग बदलेलच असं नाही. असं तेल फ्रिजमध्ये ठेवून ४ दिवसांत संपवा, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा आणि लागेल तशी एकेक वडी काढा.